दोन कळांचा कॉर्नेट

आनंदाची उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट प्रेसखाली गेलं, त्या मशिनीची हात अडवणारी जाळी माझ्या ड्रॉइंगवरून बसवलेली होती. दोन इंच आखूड. आकडा मी दुसऱ्यांदा तपासला नव्हता. पंचावन्न साल होतं, अंबरनाथचा कारखाना नवा, कोणी मला बोललं नाही. मलाही काही वाटेना. जेवत होतो, कामावर जात होतो, एवढंच.

आनंदा चामटोलीचा. लग्नसराईत उल्हासनगरच्या बँडमध्ये कॉर्नेट हे फुंकायचं पितळी वाद्य वाजवायचा. कॉर्नेटला कळा तीन आणि अंगठा सोडून त्याच्या उजव्या हाताला बोटं उरली दोन. मी म्हटलं, दोन कळांचा नवा करून देतो. तो बरं म्हणाला. मग दर रविवारी मापं घ्यायला मी त्याच्या घरी जाऊ लागलो.

कळ दाबली की फुंकर जास्तीच्या नळीतून फिरून जाते आणि सूर उतरतो. मूळ नळी चोपन्न इंच. एक स्वर उतरायला साडेसहा इंच जोडायचे, दीड स्वराला सव्वादहा. दोन्ही कळा एकदम दाबल्या की अडीच स्वर उतरायला हवेत, त्याला लागतात अठरा, आणि बेरीज भरते पावणेसतरा. म्हणजे दोन्ही कळांवर वाजणारा रे चढा. शेवटी दोन्ही नळ्या अर्धा-अर्धा इंच वाढवून चूक वाटून टाकली. तीव्र मध्यम मात्र कुठेच बसेना. प्रत्येक आकडा दहादा तपासला. आता तपासून काय उपयोग, हे मलाही कळत होतं.

उल्हासनगरच्या कॅम्पातल्या एका सिंधी कारागिराकडून नळ्या डाग देऊन जोडून घेतल्या आणि कॉर्नेट घेऊन गेलो. आनंदाने वाजवला. रे जेमतेम ठीक होता. तीव्र मध्यम मिळणार नाही, असं मी सांगितलं. असू दे, म्हणाला.

त्याची बायको अंजनी दारात उभी होती. तिने नवऱ्याला सरळ विचारलं, मग डाव्या हाताने वाजवता तो कॉर्नेट कुणाचा?

आनंदाने तिच्याकडे रागाने पाहिलं. पण मी हटून बसल्यावर जुना कॉर्नेट काढला, उजव्या पंजात धरला आणि डाव्या हाताच्या तीन बोटांनी अख्खं सप्तक वाजवलं, तीव्र मध्यमासकट.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन महिनं झालं, साहेब. पर तुमचं गणित चाललं व्हतं. ते थांबलं असतं तर तुमी रविवारी कुठं गेला असता?"

मी ओट्यावर बसलो. तिथे मला रडू आलं, तेही त्याच्या बायकोसमोर.