बाससाठी बांधलेली माशी

मी माशी बोलतेय. गुळावर बसणारी, कानाशी गुणगुणणारी माशी नव्हे. गळाला दोरा, केस आणि पिसं बांधून माणसं जे खोटं भक्ष्य तयार करतात त्याला इंग्रजीत फ्लाय म्हणतात, म्हणजे माशीच. गंमत अशी की मला नाव दिलं माशीचं आणि रूप दिलं नदीतल्या दगडाखाली राहणाऱ्या, नांग्या असलेल्या झिंग्याचं. नावावरून मी भांडत नाही. भांडायला माझ्याकडे याहून मोठी कारणं आहेत.

माझा जन्म अमेरिकेतल्या मिशिगनमधला, एका हॉस्टेलच्या टेबलावरचा. टेबलाच्या कडेला एक चिमुकली लोखंडी पकड बसवली होती. तिच्या जबड्यात उघडा गळ होता आणि समोर सुखदा बसली होती. तिचं घर न्यूझीलंडमध्ये, वेलिंग्टनजवळच्या अप्पर हटला. आईवडील वेंगुर्ल्याचे, वाढली ती हट नदीच्या काठी, आणि नद्यांचं शास्त्र शिकायला आली ती इतक्या लांब. शिकता शिकता माशा बांधायलाही शिकली.

तिने आधी मला पितळी डोळे बसवले. ते जड असल्यामुळे मी पाण्यात उताणी होते, गळाचं टोक वर राहतं आणि दगडांत अडकत नाही. मग तपकिरी केसांचं अंग, पिसांच्या दोन नांग्या, रबराचे वळवळणारे पाय. शेवटी तिने खिडकीकडे पाहिलं. तिथे आईची एक विरलेली साडी पडदा म्हणून लावलेली होती. तिच्या काठातली जर तिने हलकेच ओढून काढली आणि माझ्या अंगाभोवती पिळत गुंडाळली. पाण्यात ती चमकते. माझ्या जातीच्या दुसऱ्या कुठल्याही माशीच्या अंगावर जर नाही, हे मी ताठ मानेने सांगते.

मला बांधलं होतं स्मॉलमाउथ बाससाठी. मिशिगनच्या नद्यांमधला हा मासा तांबूस डोळ्यांचा आणि भांडखोर. गळाला लागला की पाण्याबाहेर उडी घेऊन, तोंडावर शिवी हासडावी तसं डोकं झटकतो. मी असे कितीतरी पकडले. सुखदाने सगळे सोडून दिले. गळाच्या टोकामागे जो उलटा काटा असतो, जो मासा सुटू देत नाही, तो तिने पहिल्याच दिवशी चिमट्याने दाबून सपाट करून टाकला होता. नदीतून काही घ्यायचं नाही, हे तिचं तत्त्व. कॉलेजात एका वर्गात ते तिच्या मनात शिरलं आणि तिथेच घर करून बसलं.

शिक्षण संपवून ती परत निघाली, तेव्हा मी तिच्या सामानात होते. ऑकलंडच्या विमानतळावर पिसं, केस, नदीत वापरलेलं सगळं दाखवावं लागतं. एका अधिकाऱ्याने मला चिमटीत धरून दिव्यासमोर फिरवलं.

"हे कशासाठी?"

"बास पकडायला."

"इथे बास नसतो."

"ठाऊक आहे."

"मग?"

"मग बघू."

तो हसला. मी स्वच्छ आणि कोरडी आहे याची खात्री करून घेतली, "स्वीट ॲज", म्हणजे झकास, असं म्हणाला आणि मला जाऊ दिलं. त्या देशाने माझ्याशी इतकं सरळ बोलण्याची तीच पहिली वेळ, आणि बराच काळ शेवटचीही.

कारण पुढे क्लब आला. अप्पर हटच्या एका हॉलमध्ये मासेमारीची हौस असलेली मंडळी जमत. सुखदा मला घेऊन गेली. टेबलावर मांडलेल्या त्यांच्या माशा तांदळाच्या दाण्याएवढ्या. तिथल्या नद्यांतला ट्राउट हा सभ्य मासा, त्याला सभ्य माशी लागते, असा त्यांचा समज. क्लबमधला जुना माणूस बॅरी. त्याने चष्मा कपाळावर ढकलून मला पाहिलं.

"लव्ह, ही चुकीच्या देशात आलीय," तो म्हणाला. "हिला पाहून ट्राउट पळेल. किंवा हसेल."

सगळे हसले. सुखदाचे कान लाल झाले, पण ती बसली नाही. तिथेच उभी राहून तिने सांगितलं, की या नदीतला एकही मासा मी मारणार नाही, आणि तुम्हीही मारू नये. ती तावातावाने बोलली, जरा जास्तच. हसणं थांबलं.

"बरं," बॅरी म्हणाला. "आधी एक पकड तर खरी. मग मारू नकोस."

मला राग येतो. माशीला राग येत नाही असं कोण म्हणालं? मी ज्या माशासाठी जन्मले तो इथे नाही, हे खरं. पण मी कोणाला हसवायला जन्मले नव्हते.

त्याच उन्हाळ्यात, तिथे तो डिसेंबर ते फेब्रुवारी असतो, म्हणजे २००८च्या सुरुवातीला, नानासाहेब आले. सुखदाचे आजोबा. जन्म वेंगुर्ल्याचा, नोकरी वेंगुर्ल्यात, आणि समुद्राचा मासा पानात नसेल तो दिवस उपासाचा. मुलगा परेश लोअर हटच्या हॉस्पिटलात फार्मासिस्ट, सून ममता तिथेच नर्स. दोघंही सकाळच्या गाडीने जायचे. नाना दिवसभर घरी. इथल्या दुकानातला मासा त्यांना मासाच वाटेना.

"डोकं नाही, काटा नाही, शेपूट नाही," ते म्हणायचे. "हा मासा आहे की साबणाची वडी?"

मग एक दिवस ते पुलावर उभे राहिले आणि खाली नितळ पाण्यात, दगडाच्या सावलीत, त्यांना ट्राउट दिसला. अख्खा. डोक्यासकट. त्या दिवसापासून त्यांच्या मनाने घेतलं, की गावी परतण्याआधी हा एकदा खायचा. त्यांनी दुकानांत विचारलं. ट्राउट इथे विकतच नाहीत, विकायला कायद्यानेच बंदी आहे. ज्याने पकडला त्यानेच खावा किंवा कुणाला असाच द्यावा.

"विकत मिळत नाही म्हणजे?" नाना चकित झाले. "मग हा मासा आहे कोणाचा?"

"पकडेल त्याचा, नाना."

"आणि पकडतं कोण?"

परेशने सुखदाकडे बोट केलं. नाना खूश. पण सुखदाने मान हलवली.

"मी सोडून देते, नाना. सगळे."

"सोडतेस?" नानांनी हातातला चहा खाली ठेवला. "म्हणजे त्याला फसवायचं, त्याच्या तोंडात गळ घालायचा, दमवायचं आणि मग सोडायचं? का?"

"तो परत नदीत जातो. आणखी मोठा होतो."

"मोठा होऊन काय तुझ्या लग्नाला येणारे?"

ममता हसली. सुखदाही हसली, पण ऐकलं नाही. तिने मला नानांच्या तळहातावर ठेवलं, माझा सपाट केलेला काटा दाखवला. नानांनी मला निरखून पाहिलं.

"ही तर बुटकी शेवंड," ते म्हणाले. शेवंड म्हणजे त्यांच्या समुद्रातला मोठा झिंगा. "हिला इथे ओळखतं कोण?"

"इथे पण असते. कोउरा म्हणतात. ओढ्यांमध्ये, दगडाखाली. ट्राउट खात असणार, पण क्लबातले मानत नाहीत."

"खात असणार? असली शेवंड समोर आली तर मी सोडीन का?"

त्या घरात माझ्या बाजूने बोललेलं ते पहिलं वाक्य. मी ते विसरले नाही.

पण नाना थांबणारे नव्हते. एका दुपारी घरात कोणी नसताना ते सुपरमार्केटातून कोळंबी घेऊन आले, नायलॉनच्या दोरीला गळ बांधला आणि नदीवर जाऊन बसले. वेंगुर्ल्याच्या खाडीवर बसायचे तसेच, चपला काढून, मांडी घालून. पाण्यात दोरी टाकायला कुणाची परवानगी लागते, हे त्यांना आयुष्यात कोणी सांगितलं नव्हतं. तपासणीसाठी फिरणारा माणूस आला. शांतपणे बोलला, लायसन्स मागितलं, दोरी गुंडाळून घेतली आणि ताकीद देऊन सोडून दिलं. त्याने अपमान केला नाही. पण नाना घरी आले ते चपला हातात घेऊन.

संध्याकाळी परेशचा आवाज चढला. "नाना, इथे असं चालत नाही हो. माझं नाव सगळ्यांना माहीत आहे. मला सांगायचंत तरी."

"बरोबर आहे तुझं," नाना म्हणाले. "इथली नदी माझी नाही. माझ्या लक्षात राहिलं नाही."

त्यानंतर ते पुलावर गेले नाहीत. मासा हा शब्दही काढला नाही. त्यांनीच वडी म्हणून हिणवलेला मासा ममताने तळला, तो निमूट खाल्ला. परतीचं तिकीट एप्रिलचं होतं आणि मान खाली घालून ते घर सोडणार, हे सगळ्यांना दिसत होतं. सुखदा टेबलाशी बसून मला बोटांत फिरवत राहायची. तिच्या मनात काय चाललंय ते मला कळत होतं, कारण तिची बोटं थांबत नव्हती. तिने भर सभेत शब्द दिला होता. आणि शब्द नानांना दिलेला नव्हता, बॅरीला दिलेला होता.

एका रविवारी ती म्हणाली, "नाना, चला. तुम्ही फक्त बसा. लायसन्स माझं आहे."

नाना नको नको म्हणत आले. वरच्या अंगाला, विलोच्या झाडांखाली, एक खोल डोह आहे. पलीकडच्या काठावर बॅरी आपली दाण्याएवढी माशी फेकत उभा होता. त्याने हात केला. सुखदाने मला दोरीला बांधलं, गाठ ओठांनी ओली करून आवळली आणि मला डोहाच्या तोंडाशी टाकलं.

मी बुडाले. तळाला टेकले. ती दोरी हलकेच खेचायची, मी उडी घ्यायचे, थांबायचे, पुन्हा उडी. घाबरलेला झिंगा असाच मागे पळतो. माझे रबराचे पाय हलले, जरीने ऊन धरलं. मिशिगनचं पाणी काय आणि हटचं काय, थंड असतं आणि पुढे जातं. मी मनात म्हटलं, इथे बास नाही ना? नसू दे. जो असेल त्याने समोर यावं.

तो आला. दगडाखालून एक पिवळसर सावली निघाली, तिने तोंड उघडलं आणि मला आत घेतलं. सभ्य माशाने असभ्य माशी गिळली. सुखदाची काठी वाकली. तो उडी मारणारा नव्हता, तो खाली घुसणारा होता, आणि माझा काटा सपाट असल्यामुळे दोरी एकदा जरी सैल पडली असती तरी मी सुटले असते. तिने सैल पडू दिली नाही. बॅरीने आपली काठी खाली ठेवली आणि बघत राहिला. शेवटी तो मासा उथळ पाण्यात आडवा झाला, सोनेरी अंगावर लाल ठिपके, नानांच्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब.

नाना पाण्यात उतरले होते, पँट भिजवून. त्यांनी माशाकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

"सोड त्याला," ते म्हणाले. "तुझा नियम आहे."

"नियम माझा आहे ना?"

"हो."

"मग मीच ठरवणार. कसं करायचं ते सांगा. मला येत नाही."

नानांनी एक गोटा शोधला, तिच्या हातात दिला, माशाच्या डोळ्यांमागची जागा बोटाने दाखवली. "एकच. दुसऱ्याची वेळ आणू नकोस."

तिने आणली नाही. मग ती ओल्या दगडांवर बसून रडली. नाना तिच्या बाजूला बसले. मी अजून त्या माशाच्या जबड्यातच होते. तिने तत्त्व सोडलं असं ज्यांना वाटेल त्यांना वाटो. मी सर्वांत जवळून पाहिलंय. जे कधी वाकवून पाहिलंच नाही, ते तत्त्व आहे की नुसती सवय, हे कळणार कसं?

बॅरी नदी ओलांडून आला. तोवर नानांनी मला सोडवून दगडावर ठेवलं होतं आणि सुरीने मासा साफ करायला घेतला होता. पोट उघडलं, आणि आतून दोन कोउरा निघाले. एक अर्धा विरघळलेला, दुसरा नांग्यांसकट अख्खा. नानांनी तो अख्खा माझ्या शेजारी दगडावर ठेवला. माझ्या अंगावरची जर सोडली तर आमच्यात फरक नव्हता.

"बघा," नाना मराठीतच म्हणाले. बॅरीला अर्थ कळला.

"फेअर इनफ," तो म्हणाला. मग सुखदाला, "तू तर मारणार नव्हतीस."

"हो," ती नाक पुसत म्हणाली. "बोलले होते. आणि उद्यापासून पुन्हा सगळे सोडणार. आजचा माझ्या आजोबांचा. हसायचं तर हसा."

तो हसला नाही.

रात्री मासा आमसूल, हळद, मीठ लावून रव्यात तळला. मांस केशरी निघालं, झिंगे खाऊन होतं तसं. नानांनी डोकं स्वतःकडे घेतलं आणि हाडं चोखून पुसून साफ केली. सुखदाने एक तुकडा खाल्ला, काटे बाजूला काढत, हळूहळू. नाना म्हणाले, "बांगड्याची सर नाही." आणि दुसरा तुकडा वाढून घेतला.

एप्रिलमध्ये परेशला मला काचेत बसवून भिंतीवर लावायचं होतं. आठवण म्हणून. सुखदाने ऐकलं नाही. वेलिंग्टनच्या विमानतळावर तिने मला नानांच्या टोपीत खोवलं.

आता मी वेंगुर्ल्यात आहे. खाऱ्या पाण्याने माझा गळ गंजायला लागलाय, एक नांगी झडलीय, जर काळी पडलीय. नाना खाडीवर मांडी घालून बसतात आणि मला हातदोरीला बांधून टाकतात. त्यांचे शेजारी गुरुनाथ पहिल्याच दिवशी म्हणाले, "नानानू, ह्या काय? सुंगटाक साडी नेसवलात?" सुंगट म्हणजे कोळंबी. धक्क्यावरचे सगळे हसले. हसू दे. मला आता त्याची सवय आहे.

परवा एक तांबोशी लागली, वीतभरसुद्धा नाही. नानांनी मला तिच्या तोंडातून काढलं. काटा सपाट, पटकन निघाले. गुरुनाथांनी टोपली पुढे केली. नानांनी मासा पाण्यात धरला आणि बोटं उघडली.

"जा," ते म्हणाले. "सुखदाच्या लग्नाला ये."

इथे बास नाही. ट्राउट तर नाहीच. मला कोणासाठी बांधलं होतं, हे आता मी कोणाला सांगत बसत नाही. एवढंच मागते, की गळ पुरता गंजून तुटेपर्यंत मला भिंतीवर लावू नका. पाणी कुठलंही चालेल.