निळ्यातला कोरा ठिपका

बाळांनो, जरा डोळे मिटा. एका लांबट टेबलावर मोठा कागद पसरला आहे. त्यावर डोंगर आहेत, पण सपाट. ओढा आहे, पण कोरडा. शेजारी बशीत निळा रंग कालवून ठेवला आहे. दिसलं? आता टेबलावर हनुवटी टेकून बघणारी मुलगीही बघा. तिला सगळे भिंगरी म्हणत.

तिचे बाबा नकाशे रंगवत. समुद्रापलीकडून येऊन राज्य करणाऱ्या साहेबांचं शहर बंदराभोवती फुगत चाललं होतं; विहिरी पुरेनात. म्हणून या खोऱ्यात भिंत घालून तलाव करायचा आणि नळाने शहराला पाणी न्यायचं, असं ठरलं. बाबांचं बिऱ्हाडही खोऱ्याच्या काठावर आलं होतं. पाणी किती चढेल, ती रेघ त्यांनी आखली. रेघेच्या आत सगळं निळं.

बघता बघता भिंगरीला गुंगी येई. निळाई झाडांवर चढे, पायवाटा झोपी जात, मासे कुंपणांवरून तरंगत जात.

खोऱ्यातच राहणाऱ्या आत्याच्या घरापाशी मात्र बाबांचा कुंचला अडला. भोवती निळं झालं. घर कोरंच राहिलं.

इतक्यात आत्याच दारात. बुडणाऱ्या घरांतल्या लोकांनी आज दिवस मावळायच्या आत वरच्या माळावर नव्या घरासाठी जागा निवडायची होती. नाहीतर घरही नाही, जागाही नाही. आत्याने नकाशावर बोट टेकवलं.

"हे माझंच ना रे दादा? कोरं! मग कशाला मरायला माळावर जाऊ? साहेबाची अक्कल चरायला गेली असेल, माझ्या भावाची नाही. दारात होडी बांधीन, होडी!"

"बस, पाणी घे," बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले.

भिंगरी रेघेवरून बोट फिरवत होती. बाबांनीच शिकवलं होतं, या रेघेवरची प्रत्येक जागा सारख्याच उंचीची. पाणी सगळीकडे इथवर चढणार. बोट आत्याच्या घराच्या कितीतरी वरून गेलं.

"बाबा, पाणी आत्याला ओळखतं?"

"नाही गं."

"मग तिच्या घराला वळसा का घालतं?"

आत्याचं हसू ओठांवरच राहिलं. "दादा, खरं सांग."

"हात धजला नाही गं," बाबा पुटपुटले.

"अरे शहाण्या, कागदावर वाचवत होतास आणि खरोखर बुडवत होतास की मला!" आत्याने डोळ्यांना पदर लावला. बाहेर उन्हं कलली होती. पण तिचा पाय उचलेना. नजर त्या कोऱ्या ठिपक्यावरच.

भिंगरीने कुंचला बशीत बुडवला, काठावर निथळवला आणि ठिपक्यावर अलगद टेकवला. घर निळ्यात मिसळून गेलं. मग तिने ओल्या बोटांनी आत्याचा हात धरला आणि तिला माळाच्या वाटेला लावलं.