स्टेजखालचा खड्डा

वाराणसी विभागीय लॉन बोल्स संघटनेकडे सगळं होतं. अध्यक्ष होता, तीन उपाध्यक्ष होते, रबरी शिक्का होता, नावाची पाटी होती, वार्षिक स्नेहभोजन होतं. मैदान तेवढं नव्हतं.

मैदान म्हणून जे दाखवायचे ते विश्वेश्वरबाबूंचं लग्नाचं लॉन. मुहूर्त असले की तिथे वराती उतरायच्या, पावसाळ्यात गुडघाभर चिखल असायचा. उरला खरमास. सूर्य धनु राशीत शिरला की संक्रांतीपर्यंत बनारसात कोणी लग्न लावत नाही. तो थंडीचा महिना विश्वेश्वरबाबू संघटनेला फुकट देत. बाकीच्या जगात खेळाचा सीझन हवा बघून ठरतो, इथे पंचांग बघून ठरायचा. आणि पंचांग होतं अध्यक्षांच्या हातात.

अध्यक्ष म्हणजे ढुंढिराजशास्त्री, रामघाटावरचे नावाजलेले ज्योतिषी. सगळे त्यांना अण्णा म्हणत. अण्णांनी आयुष्यात गोळा हातात धरला तो फक्त उद्‌घाटनाला, गंध लावायला. पण विश्वेश्वरबाबू त्यांचे यजमान होते, त्यामुळे मैदान अण्णांमुळे आणि अध्यक्षपद मैदानामुळे, असा तो सरळ व्यवहार. त्यात खेळ कुठे बसतो हे विचारण्याइतकी वाकडी बुद्धी एकाच माणसाची होती. सचिव सुनीतीताईंची.

सुनीतीताई मुलींच्या शाळेतून खेळाच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. जन्म रामघाटाच्या गल्लीतला, मराठी घरातला, पण भांडण पक्कं बनारसी. बारा वर्षं त्या एकच गोष्ट मागत होत्या, लॉन सपाट करून द्या. कारण लॉनच्या बरोबर मधोमध, दरवर्षी जिथे वधूवरांचं स्टेज लागायचं, तिथे जमीन दबून परातीसारखा खड्डा झाला होता. बोल्सचा खेळ तसा साधा असतो. दूरवर एक छोटा पांढरा चेंडू, त्याला म्हणायचं जॅक. चटईवर उभं राहून मोठे गोळे त्याच्या जवळ घरंगळवत न्यायचे. गोम एवढीच की गोळा एका बाजूला मुद्दाम जड केलेला असतो, तो सरळ जातच नाही, वळसा घेतो. आता वळणारा गोळा आणि मध्ये परात! बाहेरगावचा खेळाडू आला की रडून जायचा.

दर वेळी अण्णा हसून एकच वाक्य ऐकवत. "मैदान वाकडं नसतं ताई, खेळणाऱ्याची नजर वाकडी असते."

त्या परातीवरच ऋता घडली. रेल्वे कारखान्यातल्या फिटरची ही मुलगी, सकाळ-संध्याकाळ शिकवण्या करायची आणि मधल्या वेळात गोळे टाकायची. खड्ड्याची कड न् कड तिला पाठ होती. डाव्या काठावरून गोळा आत सोडायचा, तो तळाशी दम घेतो आणि उजव्या काठावरून आळस देत जॅकपाशी येऊन बसतो. बघणाऱ्याला जादू वाटायची. पण राज्याच्या संघात जायची वेळ आली की निवड समिती बसायची, समिती चहा प्यायची, आणि ऋताच्या जागी कुणा साहेबाची मुलगी जायची. असं दोनदा झालं. यंदा ऋताने स्वतःच सांगून टाकलं, "काकू, ये आखिरी है. यंदा नाही तर बास. गोळे तुमचे तुम्हाला परत."

सुनीतीताई तडक अण्णांच्या घरी गेल्या. "समिती-बिमिती नको. उघड्यावर सामना लावा. जिंकेल ती जाईल. नाही तर मी सचिवपद सोडते आणि का सोडते ते घाटाघाटावर सांगते."

अण्णा म्हणाले, "लावू की."

इतक्या चटकन म्हणाले तेव्हाच ताईंनी ओळखायला हवं होतं.

चार दिवसांनी लॉनवर मातीच्या ट्रॉल्या आल्या. खड्डा भरला गेला, वरून रोलर फिरला, हिरवळीच्या लाद्या बसल्या. बारा वर्षं जे झालं नाही ते एका आठवड्यात झालं. आणि दुसऱ्या बाजूने नाव आलं सुमेधाचं. सुमेधा अण्णांची धाकटी सून, दिल्लीत वाढलेली, कॉलेजात असताना तिथल्या खऱ्या, गुळगुळीत मैदानावर खेळलेली. तिच्यासारखा सपाट जागेवर खेळणारा इथे दुसरा कोणी नव्हता.

"तुमचीच मागणी होती ना, ताई?" अण्णा सुपारी कातरत म्हणाले. "घ्या. पूर्ण केली."

बारा वर्षांची स्वतःचीच मागणी ताईंच्या अंगावर उलटली. ऋता नव्या हिरवळीवर पहिला गोळा टाकून आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "काकू, गोळा कुठे थांबतच नाही हो. सगळीकडे सारखंच आहे."

"सारखंच असायला हवं बाळा."

"मग मी काय करू?"

मुलीला आपण खेळ शिकवला की खड्डा शिकवला, हा प्रश्न सुनीतीताईंना त्या दिवशी पहिल्यांदा पडला आणि त्यांना स्वतःचाच राग आला.

सामन्याचा दिवस अण्णांनीच काढला, खरमासाचा शेवटचा. लखनौहून निरीक्षक आले. धुकं लवकर विरलं. पंच म्हणून सुनीतीताई उभ्या राहिल्या, कारण नियमांचं पुस्तक त्या एकट्यांनीच वाचलं होतं. अण्णांनी आधीच दोन गोष्टी जाहीर केल्या. सामना पुढे ढकलला जाणार नाही. आणि धुकं-बिकं येऊन खेळ थांबला तर त्या वेळी जी पुढे असेल ती विजयी. दोन्ही खेळाडूंना सारखेच नियम. ताईंनी मान डोलावली. सारखेपणाशी त्या कशा भांडणार?

समोरचीच्या सगळ्या गोळ्यांपेक्षा जॅकच्या जवळ बसलेल्या प्रत्येक गोळ्याला एक गुण, आणि आधी एकवीस करेल तिचा सामना. सुमेधा शांत खेळत होती, हात मऊ, नजर पक्की. तिचा गोळा मोठा वळसा घेऊन जॅकच्या कुशीत शिरायचा. ऋता मात्र नसलेल्या खड्ड्यासाठी गोळा टाकत होती. तो सुसाट जाऊन पलीकडच्या चरात पडून बाद व्हायचा. पाहता पाहता सतरा-नऊ झाले.

आणि तेव्हाच अण्णांना सत्कार आठवला. निरीक्षकांना दुपारची गाडी होती, आणि सत्काराशिवाय निरीक्षक गेला तर काशीची अब्रू जायची. सामना तिथेच थांबवून सगळी मंडळी कडेच्या छपराखाली गेली. शाल झाली, नारळ झाला, मातीच्या कुल्हडातून मलइयो आला. दुधाच्या फेसाचा तो गोडवा निरीक्षकांच्या मिशांना लागला आणि ते खेळभावनेवर बोलू लागले. ते बोलत असताना फाटकातून एक ट्रक आत शिरला.

ट्रकमधून टेंटवाले उतरले. ते वर्षानुवर्षं याच लॉनवर येणारे. कोणाला काही विचारायची त्यांना सवयच नव्हती. लोखंडी स्टेजचे चार खण उचलले आणि नेहमीच्या जागी, बरोबर मधोमध, धाडदिशी ठेवले. वर सहा जण चढून महिरप उभी करू लागले. भाषण संपून टाळ्या झाल्या तेव्हा सामन्याच्या पट्ट्यावर स्टेज उभं होतं आणि एक जण सुमेधाच्या गोळ्याने पाचर ठोकत होता.

"अरे, ए! हे काय चाललंय!" अण्णा धावले. "हटाओ! कौन बोला तुमको?"

टेंटवाल्यांचा म्होरक्या वरूनच म्हणाला, "आज साँझ को तिलक है न, महाराज."

"खरमास में तिलक? दिमाग खराब है? आज खरमास है!"

"खरमास तो दोपहर में खतम." म्होरक्याने पान गालात सरकवलं. "मुहूरत तो आप ही निकाले हैं, पंडितजी."

सगळे अण्णांकडे बघू लागले. आणि अण्णांचा चेहरा, आयुष्यभर दुसऱ्यांचे ग्रह सांगणारा तो चेहरा, असा झाला की सुनीतीताईंना हसू आवरेना. काय झालं ते त्यांच्या लगेच लक्षात आलं. रामघाटावर लहानाचं मोठं झालेल्या कोणाच्याही आलं असतं. अण्णांच्या घरी दोन पंचांगं होती. हिंदी यजमान आला की बनारसी पंचांग काढायचं, घरचं काही असलं की मराठी. यंदा एकात संक्रांत दुपारी लागत होती आणि दुसऱ्यात रात्री. एका यजमानाकडचा तिलक, म्हणजे लग्नाआधी नवऱ्या मुलाला टिळा लावायचा सोहळा, बनारसी पंचांगावर ठरवला, सुनेचा सामना मराठी पंचांगावर. दोन्ही एकाच दिवशी, एकाच लॉनवर! ज्या माणसाने गावभर मुहूर्त वाटले त्याने दोन्ही पंचांगं कधी शेजारी शेजारी ठेवून पाहिलीच नव्हती.

विश्वेश्वरबाबू शाल सावरत आले. प्रकार कळल्यावर पोट धरून हसले. "वाह गुरु! खुद ही बाँधे, खुद ही काटे!" मग टेंटवाल्यांना म्हणाले, "एक घंटा रुक जाओ भाई. स्टेज उठा लो, लड़कियाँ खेल लें."

स्टेज उचललं गेलं. आणि खाली, नव्या हिरवळीच्या मधोमध, परात होती.

भुसभुशीत माती, वरून एकदाच फिरलेला रोलर, त्यावर स्टेज आणि सहा माणसं. दुसरं काय होणार? जुना खड्डा जसाच्या तसा वर आला होता, डाव्या-उजव्या काठांसकट. ऋता त्याच्याकडे अशी बघत होती जसं परगावी आपल्या गल्लीतलं कोणी भेटावं.

अण्णा सर्वांत आधी भानावर आले. "मैदान खराब झालं. खेळ थांबला. नियमाप्रमाणे सुमेधा पुढे आहे, तेव्हा..."

"थांबला की नाही ते पंच ठरवतो," सुनीतीताई म्हणाल्या.

त्यांनी पट्ट्यावर एक फेरी मारली. नियमांचं पुस्तक त्यांना पाठ होतं. हे मैदान खेळण्यालायक नाही, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. बारा वर्षं त्या हेच तर ओरडत होत्या. प्रामाणिक पंच या क्षणी खेळ थांबवणार, आणि थांबवला की ऋता घरी. कायमची. छपराखाली ऋता गोळा फडक्याने पुसत होती, पुसलेलाच पुन्हा पुसत होती.

सुनीतीताई वळल्या. "मैदान योग्य आहे. खेळ सुरू."

"योग्य?" अण्णा किंचाळले. "ताई, हा खड्डा दिसत नाही तुम्हाला?"

"मैदान वाकडं नसतं अण्णा, खेळणाऱ्याची नजर वाकडी असते."

टेंटवाले सगळ्यात मोठ्याने हसले, का ते न कळताही. निरीक्षकांनी घड्याळ पाहिलं, दुसरा कुल्हड मागवला आणि म्हणाले, "पंच का निर्णय अंतिम." सुमेधा खड्ड्याच्या काठाशी येऊन वाकून बघत होती.

"याच्यावर खेळायचं?"

"आम्ही याच्यावरच खेळतो वहिनी," ऋता म्हणाली.

सुमेधाने सासऱ्यांकडे पाहिलं, मग स्वेटरच्या बाह्या वर केल्या. "बाबा, तुम्ही बसा. खेळते मी."

तिने जॅक टाकला तो खड्ड्याच्या पलीकडे जाऊन थांबला. तिचा पहिला गोळा सुंदर वळसा घेत आला, परातीत शिरला आणि तिथेच निजला. दुसराही गेला. ऋताने डाव्या काठावरून गोळा सोडला. तो आत गेला, दम घेतला, आळस देत वर आला आणि जॅकला टेकला. त्या फेरीत चार गुण. पुढच्या फेरीत तीन. टेंटवाले बांबू टाकून रांगेत बसले होते, प्रत्येक गोळ्याला "हर हर महादेव" म्हणत होते. सुमेधाही कच्ची नव्हती. तिने खड्डा वळसा घालून चुकवायला शिकून घेतलं, दोन मिळवले, मग आणखी एक. शेवटी वीस-वीस झाले आणि ऋताच्या हातात शेवटचा गोळा उरला.

तो खड्ड्याच्या तळाशी इतका वेळ रेंगाळला की अण्णांनी हात जोडले. मग काठावर आला. कलंडला. सुमेधाच्या गोळ्याला घासून जॅकपाशी बसला.

सुनीतीताई गुडघ्यांवर बसून टेप लावू लागल्या. एकदा मोजलं. पुन्हा मोजलं. आज जे करायला नको होतं ते आपण करून बसलो आहोत, हे त्यांना ठाऊक होतं. अण्णांनी सुनेसाठी जमीन सपाट केली, आपण ऋतासाठी वाकडी योग्य ठरवली. फरक एवढाच की आपल्या पदराला माती लागली नाही. निदान टेप तरी खोटं बोलायला नको. तिसऱ्यांदा मोजून त्या उठल्या.

"ऋता. बोटभर जवळ."

टेंटवाल्यांनी तिलकासाठी आणलेल्या झेंडूच्या माळांतली एक ऋताच्या गळ्यात घातली. सुमेधाने हात मिळवला आणि म्हणाली, "तू छान खेळलीस. पण असं मैदान मला कुठेच दिसणार नाही." त्यात टोमणा होता की कौतुक, सांगता येईना. निरीक्षकांनी राज्याच्या संघासाठी ऋताचं नाव जाहीर केलं आणि गाडीसाठी पळाले. अण्णांनी तोवर स्वतःला सावरलं होतं. ते फोटोत ऋताच्या डोक्यावर हात ठेवून उभे होते, वार्ताहराला सांगत होते, "आमच्या संघटनेने घडवलेली मुलगी. या मैदानाची कमाल!"

गर्दी पांगली तशी ऋता जवळ आली. डोळे ओले, माळ गळ्यात तशीच.

"काकू, राज्याच्या संघातून खेळायचं तिथलं मैदान कसं असतं हो?"

"सपाट."

"अगदी?"

"टेबलासारखं."

ऋताने माळेतलं एक फूल तोडलं. "मग तिथे मी काय करणार?"

"शिकायचं. उद्यापासून. जे मी तुला आधी शिकवायला हवं होतं ते."

"कुठे?"

सुनीतीताईंनी मागे वळून पाहिलं. टेंटवाल्यांनी स्टेज पुन्हा नेहमीच्या जागी ठेवलं होतं. ते आणखी दोन बोटं खाली गेलं. हिरवळीच्या लाद्यांतून खुंटे ठोकले जात होते, आणि अण्णा संध्याकाळच्या तिलकासाठी सोवळं नेसायला निघाले होते.

"अण्णा!" त्या लॉनभर ऐकू जाईल अशा ओरडल्या. "मुलगी निवडली गेली. तिच्या सरावाला मैदान कधी देताय?"

अण्णा फाटकात थांबले. सवयीने बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं.

"पुढच्या खरमासात बघू," ते म्हणाले.

"कोणत्या पंचांगाच्या?" ताईंनी विचारलं आणि टेप गुंडाळत त्यांच्या मागे निघाल्या.