रिकाम्या झोळीचं वजन

मित्रांनो, तुमच्यासारखी किती मुलं तान्ही असताना माझ्या हुकाला लटकून भोकाड पसरून गेली, त्याची मोजदाद नाही. त्यांना ते आठवत नाही, मला मात्र आठवतं. मी बाळांचं वजन करणारा ताणकाटा. हल्ली दवाखान्याच्या अडगळीच्या खोलीत खिळ्याला टांगलेला असतो. बोलायला कुणी नाही, म्हणून आज तुम्हालाच गाठलं.

कारखान्यात माझ्या पोटात स्प्रिंग बसवली, तोंडावर गोल तबकडी लावली आणि डोक्यावर शून्य नीट करायचा एक स्क्रू दिला. तपासणाऱ्या बाईंनी मला एक किलोचं वजन अडकवलं, मग दोन, मग पाच. “सरळ स्वभावाचा आहे,” त्या शेजारणीला म्हणाल्या. कौतुक म्हणावं असं तेवढंच कानावर पडलं.

मग दवाखान्यात आलो. तिथली पद्धत ठरलेली होती. आई मांडीवर झोळी पसरायची, बाळाला तिच्यात ठेवायची आणि सिस्टर बाळासकट झोळी माझ्या हुकात अडकवायच्या. आकडा लिहिला की बाळासकट काढायच्या. लगेच ती झोळी दुसऱ्या आईच्या मांडीवर. म्हणजे मी एकतर नुसता असायचो, नाहीतर भरलेला. रिकामी झोळी माझ्या वाट्याला कधी आलीच नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा.

अर्ध्या मिनिटाची सोबत असायची ती. बाळ आईकडे बघायचं, आई आकड्याकडे बघायची, माझ्याकडे कुणीच नाही. दुपारी दारं बंद झाली की मी आणि भिंत. खरं सांगतो, फार एकटं वाटायचं.

जुनी मलमलची झोळी विरली, तेव्हा सिस्टरांनी नवी शिवून घेतली. जाड कापड, दुहेरी शिलाई, वर लोखंडी कड्या. “आता दहा वर्षं बघायला नको,” त्या खुशीत म्हणाल्या. पहिलं बाळ टांगलं आणि माझी स्प्रिंग नको तितकी ताणली गेली. मलमलचं वजन असून नसल्यासारखं होतं. ही झोळी एकटीच चारशे ग्रॅमची. प्रत्येक बाळाच्या वजनात मी चारशे जास्तीचे घालत होतो आणि मला वाचा नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. सिस्टर हलगर्जी होत्या असं नाही हं. रोज सकाळी शून्य तपासायच्या. पण झोळीशिवाय. तेव्हा काटा बरोबर शून्यावरच असायचा.

तीन महिने असेच गेले. मग एका सकाळी शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई आपल्या लेकीला घेऊन आल्या, सोबत सासूबाई. मागच्या महिन्यात त्या माहेरी होत्या. तिथल्या दवाखान्यात पोरीचं वजन तीन किलो नऊशे भरलं होतं. मी दाखवलं चार किलो चारशे.

“पाचशे ग्रॅम वाढली. छान चाललंय,” सिस्टर म्हणाल्या.

“हाताला वाढल्यासारखी लागत नाही हो,” बाई म्हणाल्या.

“पहिलटकरणीला तसंच वाटतं. काटा खोटं कशाला बोलेल?”

खोटंच बोलत होतो मी. ते पोर जेमतेम शंभर ग्रॅम वाढलं होतं. रडायचं तेही दमून दमून.

दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा आल्या. किराणा दुकानदाराच्या काट्यावर पोर चार किलोच भरली होती म्हणे. सिस्टर हसल्या. “दुकानदाराच्या काट्यावर कसला विश्वास ठेवता, बाई?”

“मग ही साखर त्याच्याकडची नाही. कारखान्यात बंद झालेल्या पिशव्या आहेत, एकेक किलोच्या,” असं म्हणून बाईंनी तीन पिशव्या टेबलावर ठेवल्या. झोळीत एक घातली, मी एक किलो चारशे दाखवलं. दोन घातल्या, दोन चारशे. तीन घातल्या, तीन चारशे.

बाईंनी चौकटीचा कागद काढला. आडव्या अक्षावर झोळीतलं खरं वजन, तो x. उभ्या अक्षावर माझा आकडा, तो y. तीन बिंदू पट्टीच्या धारेवर एका रेषेत बसले. “दर किलोला काटा किलोनेच वाढतोय. स्प्रिंग ठणठणीत आहे,” त्या म्हणाल्या. म्हणजे कारखान्यातल्या बाई चुकल्या नव्हत्या. मला उगाच भरून आलं.

सिस्टर झोळी रिकामीच अडकवायला निघाल्या, तसा बाईंनी त्यांचा हात धरला. “थांबा. आधी मी सांगते, मग टांगा.” त्यांनी पट्टी लावून रेषा मागे, खाली ओढत नेली. ती उभ्या अक्षाला जिथे छेदते तिथे x शून्य असतो, म्हणजे झोळीत कुणीच नसतं. “तिथे चारशे यायला हवेत.”

सिस्टरांनी रिकामी झोळी अडकवली. आयुष्यात पहिल्यांदा. काटा चारशेवर जाऊन थांबला.

मग सासूबाई म्हणाल्या, “अगं बाई, म्हणजे आपण झोळीचंच कौतुक करत होतो.”

बाळाला त्याच दिवशी डॉक्टरांनी तपासलं. दूध पुरत नव्हतं. वरचं दूध सुरू झालं आणि पुढच्या महिन्यात पोर खरोखरच सातशे ग्रॅम वाढली. सिस्टरांनी माझा स्क्रू फिरवला, झोळी टांगलेली असताना काटा शून्यावर आणला. मग वही उघडून तीन महिन्यांतल्या प्रत्येक वजनातून चारशे वजा केले. अकरा बाळं कमी वजनाची निघाली. सिस्टर पायपीट करत घरोघर गेल्या. दहा सापडली. अकराव्याच्या दाराला कुलूप होतं. बिऱ्हाड कुठे हललं, शेजाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं.

पुढे नवा काटा आला आणि मी इथे आलो. झोळी कुणीतरी काढून नेली, स्क्रू मात्र तसाच राहिला. त्यामुळे माझा काटा आता शून्याच्याही खाली, चारशेने मागे उभा असतो. काही टांगलेलं नसतानाही काहीतरी कमी आहे असं दाखवतो. ते अकरावं बाळ माझ्या मनातून जात नाही.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. वजन करायच्या आधी काटा एकदा रिकामी झोळी टांगून वाचा. आणि एखादी आई म्हणाली, हाताला हलकं लागतंय, तर माझ्याकडे नंतर बघा. आधी बाळाकडे बघा.