खोक्यावरून उतरताना

मित्रांनो, यवतमाळच्या एका कॉलेजातला उडीचा जुना लाकडी खोका म्हणजे मी. उंची दीड फूट, अंग सागवानाचं. मोडके बाक फोडून डोंगरसिंग मिस्त्रींनी मला घडवलं. माझ्यावर उडी मारायची, खाली उतरायचं, पुन्हा उडी मारायची. बास्केटबॉलचे खेळाडू असे पाय तयार करतात. जो धाडकन आदळेल तो बलवान, असं मला वाटायचं. मुलंही माझ्यावर थाप मारून म्हणायची, "हा खोका लय मजबूत हाय!"

पुढे लोखंडी मशिनी आल्या आणि मी कोठीत गेलो. अंगावर फाटक्या जाळ्या पडल्या, एक फळी सैल झाली. दोन वर्षं कुणाचा पाय लागला नाही.

मला बाहेर काढलं ते साधना नावाच्या खेळाडूसाठी. मारेगावकडची ही उंच मुलगी संघाची कर्णधार. एका सामन्यात उडीवरून वाकडी उतरली आणि गुडघ्यातला बंध तुटला. ऑपरेशनला तीन महिने झाल्यावर ती आईला घेऊन मैदानावर आली.

"पोरगी चालते तेच लय झालं, सर," तिची आई नलूबाई म्हणाली. "आता खेळ कायले पाह्यजे?"

"मले खेळाचं हाय, आई," साधना हळूच म्हणाली.

व्यायाम शिकवणारे धम्मरत्न सर म्हणाले, "डॉक्टर हो म्हणतीन तवाच खेळन. तोवर पाय तयार करू." त्यांनी माझी फळी ठोकली, मला हलवून पाहिलं आणि तिच्यापुढे ठेवलं.

पहिल्या दिवशी उडी नव्हतीच. एक पाय माझ्यावर ठेवून नुसतं चढायचं. तिच्या वाळलेल्या मांडीची थरथर माझ्या फळ्यांना कळत होती. पाच वेळा चढली आणि घामाघूम झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. काही आठवड्यांनी खांद्यावर वाळूची पिशवी घेऊन चढू लागली. मित्रांनो, आटलेलं अंग नुसत्या सरावानं पुन्हा भरतं, हे बघून मी थक्क झालो.

सहाव्या महिन्यात डॉक्टरांनी उतरण्याच्या उडीला परवानगी दिली. साधना माझ्यावर उभी राहिली आणि तिथंच थिजली.

"मले भेव लागून राह्यलं, सर."

"लागू दे. उडी साऱ्यायलेच येते, उतरनं शिका लागते. गुडघे वाकव, आत झुकू देऊ नको. आवाज झाला नाही पाह्यजे."

ती उडाली. मी धप्प आवाजाची वाट पाहिली. तो आलाच नाही! बोंडातला कापूस जमिनीवर पडावा तशी ती उतरली होती. एवढी ताकद आणि एवढी हलकी! असं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

अकराव्या महिन्यात डॉक्टरांनी खेळायला हो म्हटलं आणि आमच्याच मैदानावर सामना झाला. मी कडेला होतो. शेवटच्या मिनिटाला समोरच्या संघातल्या दोघींच्या मधून साधना चेंडूसाठी उंच झेपावली. सगळं मैदान श्वास रोखून उभं राहिलं. ती दोन्ही पायांवर नीट उतरली, क्षणभर थांबली. तेवढ्यात नलूबाई ओरडली, "पय, साधे, पय!" आणि साधना चेंडू घेऊन सुसाट निघाली. आम्ही दोन गुणांनी हरलो, पण नलूबाई टाळ्या वाजवायची थांबेना.

मित्रांनो, दुखऱ्या अंगाला वेळ द्या, घाई करू नका. मी मोडलो तर दुसरा खोका येईल. तुमचे गुडघे मात्र तुम्हाला जन्मभर पुरवायचे आहेत.