पहिला घोट

सेव्हेरिनने केळ्याच्या बिअरचा तुंबा कोंसेसाच्या दारात ठेवला, आत नळी सोडली आणि तो मागे सरला. आणणाऱ्याने पहिला घोट स्वतः घेऊन त्यात विष नाही हे दाखवायचं, ही बुरुंडीतल्या त्या टेकडीवरची रीत. त्याने घेतला नाही.

"बघ वहिनी," नणंद पेलाजी कुजबुजली. "लढाईत तुझं घर जाळलं, आता तुलाच संपवायला आलाय. वर म्हणे माफी!"

रोज प्रार्थनेत कोंसेसा त्याला क्षमा करत होती; पण प्रार्थनेत तो लांब असायचा.

"पहिला घोट कुणी घ्यायचा, सेव्हेरिन?" तिने विचारलं.

त्याने मान खाली घातली. "ताई, त्या दिवशी पिऊनच मी काडी लावली. तुरुंगातून सुटल्यावर चर्चमध्ये शपथ घेतली, पुन्हा थेंबही घेणार नाही. पण रिकाम्या हाताने माफी कशी मागू?"

"बरी सोयीची शपथ!" पेलाजी म्हणाली.

सोयीची तर होतीच. त्याच्या चेहऱ्यावरून कोंसेसाला काहीच कळेना. तेवढ्यात तो गुडघ्यांवर बसला आणि नळी ओठांकडे नेऊ लागला.

"थांब," ती म्हणाली. "माझ्या भीतीपायी देवाला दिलेला शब्द मोडू नकोस."

तिने नळी ओढून घेतली, मनात येशूचं नाव घेतलं आणि घोट घेतला. बिअर आंबट लागली. ती नेहमीच एवढी आंबट असते का, हे तिला ऐन वेळी आठवेना.

सेव्हेरिन रडत होता. पेलाजी भावजयीच्या तोंडाकडे टक लावून बसली होती.

"मेले नाही अजून," कोंसेसा म्हणाली. "वाट काय बघतेस? त्याला बसायला स्टूल दे."