बाटलीभर पेट्रोल आहे तोवर

मी एक जुनी, दोन दारांची मोटार बोलतेय. नीट ऐका, मला वेळ कमी आहे. सकाळी मानसिंगनं माझ्या कोरड्या टाकीत बाटलीभर पेट्रोल ओतलं आणि मला चालू करून ठेवलं. ते संपलं की मी आपोआप बंद पडेन. मग तो माझं इंजिन काढणार. काढण्याआधी इंजिनाला एकदा शेवटचं वाजू द्यायचं, ही त्याची रीत. तेवढ्या वेळात जे बोलायचं ते बोलते. गोड बोलायची मला सवय नाही.

जन्म विलायतेचा. त्याचं कौतुक सांगत नाही, जन्म काय कुणाच्या हातात असतो? भोरचे उपेंद्र वकील एका खटल्यासाठी मुंबईला गेले आणि येताना मला घेऊन आले. रंग मोरपंखी, छप्पर कापडाचं. बसायला जागा दोघांना. तिसऱ्यानं एस्टीनं यावं. छप्पर काढलं की वकिलांच्या मंडळी, शुभाताई, पदर घट्ट खोचून बसायच्या. वारा कुणाची भीड ठेवत नाही.

भोरहून नसरापूर, नसरापूरहून वेल्हे. रस्ता कसला, नुसती खडी. मी जमिनीपासून वीतभर उंच. दर खड्ड्याला पोट घासायचं. मग माझी रवानगी उत्रोलीला, मानसिंग मिस्त्रीकडं. मानसिंग शाळेत चौथीपर्यंत गेला, तेही मास्तर घरी येऊन ओढत न्यायचे म्हणून. पण बॉनेटवर हात ठेवला की त्याला कळायचं, कुठं दुखतंय. माझा सुटा भाग ह्या देशात मिळत नव्हता. तो लेथवर करून आणायचा आणि विलायती भागापेक्षा जास्त टिकवायचा.

वकील म्हातारे झाले. गुडघे वाकेनात, मला तर वाकल्याशिवाय कुणी शिरू शकत नाही. तेव्हा त्यांचा पुण्याचा पुतण्या प्रद्युम्न म्हणाला होता, "काका, भंगारात द्या हो. नुसती जागा अडवते." माझ्या तोंडावर म्हणाला. तो विसरला, मी नाही विसरले.

वकिलांनी कागद मानसिंगच्या नावावर केले. म्हणाले, "चालती ठेव, मानसिंग. दुसरं काही मागत नाही."

त्यानं ठेवली. दर रविवारी सकाळी सातला भाटघरच्या धरणापर्यंत जायचं आणि परत यायचं. वळणावर माझा आवाज आला की त्याची बायको साळूबाई चुलीवर तवा टाकायची. आधी भाकरी टाकली तर ती करपते आणि मागून टाकली तर हा ओरडतो, म्हणून माझ्या आवाजावर तिचा सगळा हिशेब. अलीकडं मानसिंगची मान वळेना, तेव्हा रस्त्यावर नेणं थांबलं. पण रविवारी अंगणात अर्धा तास तरी मला वाजवायचाच. पेट्रोल महाग झालं, तरी एक रविवार चुकवला नाही. साळूबाई म्हणायची, "माझ्या औषदाचं इसरता, तिचं बरं आठवतं!"

मग ह्या हिवाळ्यात तो दिवस आला.

हल्ली रविवारी पुण्याच्या गाड्या झुंडीनं वरंधा घाटाकडं पळतात. त्यातलेच दोघं आमच्या दारात थांबले. एक प्रद्युम्न, आता पोट सुटलेला. दुसरा त्याचा मित्र सार्थक, विजेवरच्या गाडीचा मालक. तिची वीज संपत आली होती आणि प्रद्युम्नला काकांच्या मिस्त्रीचं, म्हणजे आमचं, घर आठवलं.

"गाडीला वैरण पायजे व्हय?" साळूबाई म्हणाली. "बांधा गोठ्यात."

वायर लावली, तर गाडीचा लाल दिवा लागला. मानसिंगची नात वैष्णवी बाहेर आली. भोरला आयटीआय केलेली पोरगी. तिनं बघितलं आणि म्हणाली, "आबा, आपल्या सॉकेटला अर्थिंगच न्हाई. गाडी शहाणी हाय, घेत न्हाई." न्हाणीमागं कायम ओल असते. तिथं तिनं सळई ठोकली, वायर जोडली. दिवा हिरवा.

"कमाल आहे! काय करतेस तू?" सार्थकनं विचारलं.

"सारोळ्याला हायवेवर गाळा बघितलाय. विजेच्या गाड्या दुरुस्त करणार. मालक महिनाभर थांबतो म्हणलाय. अनामत जमली तर जमली, न्हाईतर तितं वडापाववाला येणार."

गाडी चरत होती तोवर दोघं अंगणात बाजेवर बसून भांडले.

"पाच वर्षं थांब," प्रद्युम्न म्हणाला. "ह्या इलेक्ट्रिकवाल्यांतल्या निम्म्या कंपन्यांची नावंसुद्धा उरणार नाहीत. कंपनी बुडाली की तुझी गाडी म्हणजे चाकं लावलेला मोबाईल."

"आणि तू पेट्रोल मेडिकलमधून आणशील, खोकल्याच्या औषधासारखं."

"आणीन ना! पेट्रोल संपत जाईल तसा जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचा भाव चढणार. काकांची होती, तशी एखादी मिळाली तर..."

आणि त्याची नजर पत्र्याच्या शेडच्या फटीतून माझ्यावर पडली. धावत आत आला. बॉनेट उघडून इंजिनचा नंबर पाहिला. कोंबड्यांची घाण अशी अलगद बाजूला केली, जशी देवावरची फुलं. "सार्थक, हे बघ! ओरिजिनल पेंट! एकदाही रंगवलेली नाही!"

त्यानं आकडा सांगितला तेव्हा साळूबाईच्या हातातली बशी कलली.

"चालवणार का तिला?" मानसिंगनं विचारलं.

"छे हो काका! किलोमीटर वाढले की भाव उतरतो. एसीत झाकून ठेवणार."

"मग मोटार कशाला? तसबीर न्या की."

दोघं हसले. मानसिंग हसला नाही. त्यानं वैष्णवीकडं पाहिलं, न्हाणीमागच्या सळईकडं पाहिलं आणि म्हणाला, "न्या."

चालती ठेवायची होती ना, मानसिंग? पण मला कळलं. माझी सवत, ती वीज, माझ्याच पैशानं घरात येणार होती.

जाताना प्रद्युम्न बजावून गेला, "पुढच्या रविवारी ट्रेलर आणतो. एक लक्षात ठेवा, जशी आहे तशीच पाहिजे. काही करू नका."

मानसिंगनं मान हलवली. ते गेल्यावर साळूबाईला म्हणाला, "वरपक्ष असंच म्हणतो. आमाला फकस्त पोरगी आन नारळ. म्हणून कुणी लेक जुनेरात बोहल्यावर उभी करतंय व्हय?"

वैष्णवी आठवडाभर पुण्याला ट्रेनिंगला गेली होती. असती तर तिनं थांबवलं असतं. मानसिंगनं सारोळ्याहून ज्ञानू पेंटरला बोलावलं. हा टेम्पो रंगवणारा. दोन दिवस घासकागद चालला. दारावर शुभाताईंच्या बांगड्यांचे ओरखडे होते, ते गेले. वेल्ह्याच्या बाजारात बैलानं शिंग लावलं होतं, ती खूण गेली. माझा मोरपंखी रंग भुगा होऊन अंगणात पडला आणि कोंबड्यांनी तो उकरला. मग लालभडक रंग. पाठीवर ज्ञानूनं दोन मोर काढले, फुकट, प्रेमानं. त्याच्या प्रेमाला आग लागो.

रविवारी प्रद्युम्न आला आणि डोक्याला हात लावून उभा राहिला.

"काका, हे काय केलंत? सांगितलं होतं ना मी!"

"सांगितलं हुतं. पण घरातनं जाताना अशी कशी द्यायची? चार लोकं काय म्हणतील?"

"चार लोक म्हणतील, हिची किंमत चौथाई झाली!"

मानसिंग भडकला. "कोंबड्या हगत हुत्या तवा सोन्याची, आन आंगूळ घातली तर मातीची? कसली रं तुमची पारख?"

ट्रेलर रिकामा परत गेला. वैष्णवीनं परत आल्यावर अंगणातला मोरपंखी भुगा तेवढा झाडून काढला. आजोबाला बोलली असती तर बरं झालं असतं. तो चार दिवस जेवायला बसायचा आणि ताटावरून उठायचा.

पाचव्या दिवशी फोन आला. वैष्णवीनं स्पीकर लावला. प्रद्युम्न म्हणाला, "गाडी नको. पण इंजिन ओरिजिनल आहे, तेवढं द्या. पॉलिश करून वर काच टाकतो. हॉलमध्ये टीपॉय. फार चालतंय सध्या." जो पैसा बोलला, तो गाळ्याच्या अनामतीला बरोबर पुरत होता.

ऐकलंत? अर्ध्या जन्माचे रविवार मी ज्याच्या जोरावर गाजवले, त्याच्यावर आता चहाचे कप आणि बिस्किटांची बशी. ज्यानं मला भंगार म्हटलं, त्याच्याच दिवाणखान्यात.

"आबा, तुमी म्हणाल तसं," वैष्णवी म्हणाली. "न्हाई म्हणा, मी दुसरं बघीन."

मानसिंगनं भिंतीवरचा पाना उतरवला. मग म्हणाला, "मीच काढीन. दुसऱ्याचा हात नको तिला."

माझ्या रिकाम्या पोटात पोरगी विजेची मोटर बसवणार आहे. सारोळ्याच्या गाळ्यापुढं मला उभी करणार, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला कळेल, हिला काम येतं. लाल अंग, पाठीवर मोर आणि आत नुसती बॅटरी. जत्रेतल्या पाळण्याला माझ्यापेक्षा जास्त आवाज असेल.

आता धक्के बसायला लागलेत. पेट्रोल तळाला गेलंय. मानसिंगनं मघापासून बॉनेटवर हात ठेवलाय. कुठं दुखतंय ते त्याला कळतंय, पण ह्या दुखण्याला त्याच्याकडं पाना नाही. आज रविवारच आहे. मी वाजतेय, तरी साळूबाईनं तवा टाकलेला नाही. उंबऱ्यात बसून ऐकतेय.

वैष्णवी, पोरी, तुझ्यावर माझा राग नाही. आहे, पण तुझ्या पोटावर नाही. तुझी वीज मला चालवेल तेव्हा पहिल्या रविवारी, सकाळी सातला, म्हाताऱ्याला शेजारी बसव आणि भाटघरपर्यंत ने. येताना वळणावर हॉर्न दाबायला विसरू नकोस, म्हातारीला तवा टाकायचा असतो. त्यानं बॉनेटवर हात ठेवला आणि हाताला काही जाणवलं नाही, तर एवढंच सांग, मेली नाही आबा. गप्प बसलीय.